विश्लेषण : मधुमेहींच्या रक्तातील ‘अँटिऑक्सिडंट’ का घटतात? चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा का?

मधुमेह म्हटले की चर्चा साखरेच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. मात्र वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या नेमक्या कशामुळे खराब करते, या प्रश्नाच्या उत्तरात ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ हा शब्द हमखास येतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या रक्तात हा ताण झेलणारे अँटिऑक्सिडंट घटक कमी आढळतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मग बाहेरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, पावडरी, रस घेतले तर फायदा होतो का?

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सिकलसेल आणि जी६पीडी कमतरता हे रक्ताशी निगडित आनुवंशिक विकार इथल्या काही समाजांत आढळतात. त्यामुळे अँटिऑक्सिडंटचे गणित तर बदलतेच, शिवाय मधुमेहासाठी सर्रास केल्या जाणाऱ्या ‘एचबीए१सी’ चाचणीचा आकडाही फसवा ठरू शकतो. हा सगळा मामला काय आहे, सोप्या भाषेत समजून घेऊ.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमके काय?

शरीरातील पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. या प्रक्रियेत काही अस्थिर, चटकन प्रतिक्रिया देणारे रेणू तयार होतात. त्यांनाच ‘फ्री रॅडिकल्स’ म्हणतात. इंजिन चालले की धूर निघणारच, तसा हा प्रकार. थोड्या प्रमाणात हे रेणू उपयोगीही असतात. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी त्यांचाच वापर करतात. मात्र त्यांचे प्रमाण वाढले तर ते पेशींच्या आवरणातील चरबी, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात.

हा धूर निवळण्याची व्यवस्था शरीराकडे असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स पहिल्या फळीत असतात. ग्लुटाथायोन हा छोटा रेणू पेशीच्या आत सर्वाधिक राबतो. जीवनसत्त्व क आणि ई आहारातून मिळतात. रक्तातील अल्ब्युमिन, युरिक ॲसिड आणि बिलिरुबिनही हे काम काही प्रमाणात करतात. म्हणजेच अँटिऑक्सिडंट ही एखादी बाटलीतली वस्तू नाही. ती एक साखळी आहे आणि तिचा बहुतांश भाग शरीर स्वतःच तयार करते. फ्री रॅडिकल्सचे उत्पादन जास्त आणि ही साखळी अपुरी, अशी स्थिती म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण.

मधुमेहात हे घटक का कमी पडतात?

याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. पहिले कारण उत्पादनाचे. पेशीत गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज शिरले की मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाकेंद्रांवर भार पडतो आणि सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल अधिक तयार होते. अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी हा धागा मधुमेहाच्या वेगवेगळ्या गुंतागुंतींशी जोडून दाखवला.

दुसरे कारण खर्चाचे. जास्तीच्या ग्लुकोजपैकी काही भाग पेशी ‘सॉर्बिटॉल’ नावाच्या पदार्थात बदलते. या कामात ‘एनएडीपीएच’ हा रेणू खर्ची पडतो. वापरून झालेले ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावण्यासाठीही हाच एनएडीपीएच लागतो. एकाच टाकीला दोन नळ लागल्यासारखे हे आहे. साखर जितकी जास्त, तितके ग्लुटाथायोनच्या वाट्याला कमी.

तिसरे कारण जीवनसत्त्व कचे. त्याचे वापरून झालेले रूप पेशीत शिरण्यासाठी ग्लुकोजचेच दरवाजे वापरते. रक्तात साखर जास्त असली की त्या दरवाजांवर गर्दी होते. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर हे जीवनसत्त्व लघवीवाटे अधिक वाहून जाते.

मात्र सर्वच अभ्यासांत सर्वच घटक घटलेले दिसत नाहीत. आजाराच्या सुरुवातीला काही एन्झाइम्स उलट वाढलेली आढळतात. शरीर वाढीव ताणाला तोंड देण्याचा प्रयत्न करत असते. एखाद्याचे युरिक ॲसिड वाढले असेल तर ‘एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता’ हा आकडा चांगला दिसू शकतो, तब्येत चांगली नसतानाही. त्यामुळे एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

पुण्यातील संशोधनात काय आढळले?

याविषयी महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा अभ्यास पुण्यात झाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सरोज घासकडबी, ‘आयसर’ पुणेचे प्रणय गोयल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये ‘अँटिऑक्सिडंट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मधुमेहावर उपचार घेणाऱ्या २५० जणांपैकी १२५ जणांना नेहमीच्या औषधांसोबत रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन सहा महिने तोंडावाटे देण्यात आले. तुलनेसाठी मधुमेह नसलेले १०४ जणही अभ्यासात होते.

ग्लुटाथायोन घेणाऱ्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण वाढले. डीएनएला झालेली इजा दाखवणारा ‘८-ओएचडीजी’ हा निर्देशांक तीन महिन्यांत लक्षणीय घटला. ५५ वर्षांवरील गटात एचबीए१सीही कमी झाले आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन वाढले.

हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण त्यांची मर्यादाही स्पष्ट आहे. वयस्कर गटातील फायदा हा नंतर केलेल्या उपगटांच्या विश्लेषणातून दिसला. हृदयविकार, दृष्टी किंवा मूत्रपिंड वाचले का, हे सहा महिन्यांत कळत नाही. शिवाय ही पुरवणी मधुमेहाच्या औषधांच्या जोडीला दिली होती, त्यांच्या जागी नाही.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

इथेच तर्क आणि पुरावा यांची वाट वेगळी होते. ‘घटले आहे ते बाहेरून द्या’ हा तर्क सरळ वाटतो. प्रत्यक्षात मोठ्या चाचण्यांनी निराशा केली.

- ब्रिटनमधील ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त (२००२) मधुमेहींसह अधिक जोखमीच्या २०,५३६ जणांचा सहभाग होता. जीवनसत्त्व ई, क आणि बीटा कॅरोटीन दिल्याने हृदयविकार किंवा मृत्यू कमी झाले नाहीत.
- स्कॉटलंडमध्ये १,२७६ मधुमेहींवर झालेल्या चाचणीचे (२००८) निष्कर्षही तसेच होते. अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचा हृदयविकार रोखण्यासाठी उपयोग दिसला नाही.
- ७८ चाचण्या आणि २,९६,७०७ सहभागी यांचा एकत्रित आढावा ‘कोक्रेन’ने २०१२ मध्ये घेतला. बीटा कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण किंचित जास्तच आढळले.
- जर्मनीतील एका छोट्या अभ्यासात (२००९) तरुण पुरुषांना व्यायामासोबत जीवनसत्त्व क आणि ईच्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो, तो फायदाच या गोळ्यांनी पुसला गेला.

कारण असे की थोडासा ऑक्सिडेटिव्ह ताण हा शरीरासाठी इशारा असतो. व्यायामात तो वाढतो, शरीर तो ओळखते आणि स्वतःची यंत्रणा मजबूत करते. बाहेरून भरमसाट अँटिऑक्सिडंट ओतले की हा इशाराच दाबला जातो. जीवनसत्त्व कच्या मोठ्या मात्रांमुळे काहींना मूतखडा होण्याची शक्यता वाढते आणि काही ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतात, हेही मधुमेहींनी लक्षात घ्यायला हवे.

चंद्रपूर-गडचिरोलीत प्रश्न वेगळा का?

मध्य भारतात सिकलसेल नवा नाही. नागपूर भागातील त्याच्या नोंदी १९५८ पासून वैद्यकीय साहित्यात आहेत. राज्यातील माडिया, परधान, भिल्ल, पावरा, ओतकर या समाजांत सिकलसेलच्या जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळल्याचे जुने सर्वेक्षण सांगते. गडचिरोली आणि चंद्रपूर हे राज्यातील सर्वाधिक प्रभावित जिल्ह्यांत गणले जातात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी नागरिकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे.

सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिन आणि लोह रक्तात मोकळे होऊन ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवते. त्यात मधुमेह आला तर ताणाचे दोन स्रोत एकत्र येतात.

दुसरा विकार जी६पीडी कमतरतेचा. जी६पीडी हे एन्झाइम एनएडीपीएच तयार करते. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे एनएडीपीएचसाठी ती पूर्णपणे याच मार्गावर अवलंबून असते. एन्झाइम कमी म्हणजे एनएडीपीएच कमी, आणि एनएडीपीएच कमी म्हणजे ग्लुटाथायोन पुन्हा तयार होण्यात अडथळा. अशा व्यक्तीला एरवी काही त्रास नसतो. मात्र काही औषधे, जंतुसंसर्ग किंवा डांबरगोळ्यांशी संपर्क आल्यास लाल पेशी झपाट्याने फुटू लागतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत हा त्रास अधिक दिसतो.

पेशींवरील प्रयोगांत तर जास्त ग्लुकोजमुळे जी६पीडीचे काम मंदावल्याचेही आढळले आहे. म्हणजे मधुमेह ज्या ठिकाणी घाव घालतो, नेमकी तीच जागा या व्यक्तींमध्ये जन्मापासून कमजोर असते.

एचबीए१सी चाचणी कुठे चकवते?

रक्तातील साखर लाल पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली, यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, असा निकष आहे. उपाशी राहावे लागत नाही, दिवसातून केव्हाही रक्त देता येते, म्हणून ही चाचणी लोकप्रिय झाली.

या हिशेबाचा पाया मात्र १२० दिवस हा आहे. सिकलसेल रुग्णाची लाल पेशी साधारण १० ते २० दिवसांतच फुटते. साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही. शिवाय ही चाचणी ज्या हिमोग्लोबिन एवर मोजली जाते, ते अशा रुग्णाच्या रक्तात जवळपास नसतेच. परिणामी साखर जास्त असूनही आकडा कमी येतो.

वाहकांमध्ये फरक छोटा असतो, पण असतो. अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या ४,६२० व्यक्तींच्या माहितीवर आधारित २०१७ च्या अभ्यासात, साखर सारखीच असताना सिकलसेल वाहकांचे एचबीए१सी सरासरी ०.३ ने कमी आढळले. जी६पीडी कमतरतेतही हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. उलट लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या ॲनिमियात तो प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले होते, हे पाहता हा मुद्दाही किरकोळ नाही.

समजा, एखाद्याची उपाशीपोटी साखर १५० आली आणि एचबीए१सी ५.६. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ५.६ एचबीए१सीचा अर्थ सरासरी साखर ११४ च्या आसपास. अशा वेळी ‘तीन महिन्यांची सरासरी चांगली आहे’ म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे. निदान हुकले तर उपचार हुकतात आणि पुढे थेट पायाची जखम, अंधुक दृष्टी किंवा मूत्रपिंडाचा त्रास घेऊनच रुग्ण दवाखान्यात येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की ज्या भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे, तिथल्या रुग्णासाठी उशिरा झालेले निदान अधिकच महागात पडते.

मग निदान कसे करायचे?

अशा व्यक्तींमध्ये थेट रक्तातील साखर मोजण्यावर भर द्यावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. निकष पुढीलप्रमाणे :

- उपाशीपोटी (किमान आठ तास) साखर १२६ किंवा अधिक : मधुमेह
- ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक : मधुमेह
- दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९ : मधुमेहपूर्व स्थिती

लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी चाचणी पुन्हा करावी लागते. उपचार सुरू असताना नियंत्रण तपासण्यासाठी ‘फ्रुक्टोसामीन’ चाचणीचा पर्याय आहे. त्यात साखर रक्तातील प्रथिनांना किती चिकटली हे मोजतात, त्यामुळे लाल पेशींच्या आयुष्याशी तिचा संबंध नसतो. तिच्यातून मागील दोन ते तीन आठवड्यांचा अंदाज येतो.

यातील दिलासा असा की, पहिली चाळणी महागडी नाही. ३० वर्षांवरील नागरिकांची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते आणि त्यासाठी बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब पुरतो. त्यात साखर जास्त आली तर शिरेतील रक्ताची चाचणी करून निदान निश्चित करता येते.

औषधे घेताना कोणती काळजी?

गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक मलेरियाग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. व्हायवॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून दिले जाणारे ‘प्रायमाक्वीन’ जी६पीडी कमतरतेत लाल पेशी फोडू शकते, हे इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. मधुमेहाच्या बाबतीत मात्र या विकाराची आठवण क्वचित होते.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या ‘सल्फोनिलयुरिया’ गटातील औषधांच्या माहितीपत्रकांत जी६पीडी कमतरता असलेल्यांसाठी इशारा दिलेला असतो. हा धोका दुर्मीळ आहे. त्यामुळे सुरू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नये. कमतरता माहीत असेल तर डॉक्टरांना सांगावे, पर्याय उपलब्ध आहेत. औषध घेतल्यावर लघवी गडद चहासारखी होणे, डोळे पिवळे पडणे, अचानक धाप लागणे ही लक्षणे दिसली तर तातडीने दवाखाना गाठावा.

जीवनसत्त्व कची शिरेतून दिली जाणारी मोठी मात्राही जी६पीडी कमतरता असलेल्यांमध्ये लाल पेशी फोडू शकते. अँटिऑक्सिडंट म्हणून विकला जाणारा पदार्थ मोठ्या मात्रेत नेमके उलटे काम करतो, याचे याहून ठळक उदाहरण नाही. दुसरे म्हणजे, लाल पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर जी६पीडी चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. जुन्या, कमजोर पेशी आधीच गेलेल्या असतात आणि मोजल्या जातात त्या नव्या. म्हणून ही चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

रानमेवा आणि रानभाज्या किती कामाच्या?

अँटिऑक्सिडंट आहारातून मिळवण्यात कोणताही धोका नाही आणि या दोन जिल्ह्यांत त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क असते. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम. म्हणजे दोन-तीन आवळ्यांत दिवसाचे काम भागते. पेरूही त्याच रांगेतला. तरोटा, अंबाडी, शेवगा, पावसाळ्यातील वास्ते या भाज्यांतून तंतुमय पदार्थ मिळतात, ते साखर हळू वाढू देतात. वास्ते मात्र नीट उकळून, पाणी टाकूनच खावेत.

काही बाबतींत सावधगिरी हवी. मोरावळा हा आवळाच असला तरी तो साखरेच्या पाकात बुडालेला असतो. वाळलेल्या मोहफुलांत साखरेचे प्रमाण मोठे असते. जांभळाच्या बियांची पावडर साखर थोडी कमी करते असे छोट्या अभ्यासांत दिसले असले, तरी ती औषधाची जागा घेऊ शकत नाही.

खरा प्रश्न ताटातील भाताचा आहे. झाडीपट्टीत दोन्ही वेळा भात असतो. प्रसिद्ध ‘एचएमटी’ वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे हे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. इथे भात सोडा असे सांगणे म्हणजे न पाळला जाणारा सल्ला देणे. प्रमाण कमी करणे, सोबत डाळ आणि भाजी वाढवणे, जमेल तेव्हा हातसडीचा तांदूळ वापरणे हे शक्य आहे. तांदूळ पांढराशुभ्र करताना निघून जाणाऱ्या कोंड्यातच जीवनसत्त्व ई आणि इतर अँटिऑक्सिडंट असतात.

खर्रा आणि धुराचा काय संबंध?

एका बाजूने आवळा खायचा आणि दुसऱ्या बाजूने खर्रा घोटायचा, तर हिशेब जुळत नाही. तंबाखू शरीरातील ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवते. धूम्रपान करणाऱ्यांना जीवनसत्त्व कची गरज दिवसाला ३५ मिलिग्रॅमने जास्त लागते, असे अमेरिकेतील आहारविषयक निकष सांगतात. गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरोधात ‘मुक्तिपथ’ अभियान २०१६ पासून सुरू आहे. मधुमेहींसाठी ते केवळ व्यसनमुक्तीचे नाही, तर रक्तवाहिन्या वाचवण्याचेही काम आहे.

चंद्रपूरमध्ये कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट उद्योग यांमुळे हवेचा प्रश्न जुना आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ च्या मूल्यांकनात चंद्रपूरला ‘अतिप्रदूषित’ क्षेत्रांच्या यादीत टाकले होते. हवेतील सूक्ष्म कण फुप्फुसांतून ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतात. हे एकट्या रुग्णाच्या हातातले नाही, ती यंत्रणेची जबाबदारी आहे.

रक्तातील अँटिऑक्सिडंटची चाचणी करून घ्यावी का?

सध्या तरी गरज नाही. ग्लुटाथायोन, मॅलॉनडायअल्डिहाइड, एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता या चाचण्या संशोधनासाठी उपयुक्त आहेत. मात्र कोणत्या आकड्यावर कोणता उपचार बदलायचा, याचे सर्वमान्य निकष नाहीत. आकडा कळून उपचार बदलणार नसेल, तर त्यावरचा खर्च व्यर्थ आहे.

तेच पैसे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांच्या पडद्याची वार्षिक तपासणी यांवर खर्च केले तर त्याचा थेट उपयोग होतो. सिकलसेल आणि जी६पीडीची तपासणी आयुष्यात एकदा झाली आणि तिचा निकाल रुग्णाच्या कार्डावर ठळक लिहिलेला असला, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरला एचबीए१सीचा आकडा कितपत खरा मानायचा, हे कळेल. ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग साखर नियंत्रणात ठेवणे हाच आहे आणि त्यासाठी मोजलेली साखर आधी खरी असायला हवी.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषधात किंवा आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)